'अष्टपैलू' म्हणू नका

मराठीत कलाकाराची वाट लावायला दोन शब्दप्रयोग पुरतात. एक 'एक ना धड, भाराभर चिंध्या' आणि दुसरा 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व'. पहिला पाठीमागे बोलताना वापरायचा, दुसरा शाल-श्रीफळ देताना. वरवर बघता एक शिवी आणि एक कौतुक. पण दोन्हींचं काम एकच: त्या माणसाने नेमकं काय केलंय ते बघण्याचे कष्ट वाचवणं. चिंध्या म्हटलं की बघायला नको, अष्टपैलू म्हटलं की तपासायला नको. विषय संपला, चहा घ्या.

हे सगळं डोक्यात यायचं कारण ह्यू लॉरी. 'हाऊस' या मालिकेतला तो लंगडा, काठी घेतलेला, तुसडा डॉक्टर. मध्यंतरी चार जण जमलो होतो आणि मी त्याचा अल्बम लावला. एक गृहस्थ म्हणाले, "नटाला कशाला हवीत ही थेरं? पैसा झाला, नाव झालं, आता गाणं!" लगेच दुसरे म्हणाले, "असं कसं, अहो अष्टपैलू आहे तो!" आणि दोघंही बटाटेवड्याकडे वळले. पहिलं गाणं अजून अर्ध्यावरही आलेलं नव्हतं. मला दोघांचाही सारखाच राग आला, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांचा जरा जास्तच.

आधी पहिल्यांचं बघू, कारण ते सोपं आहे. 'नाव झालं, आता गाणं' हा हिशेब तारखांपुढे टिकतच नाही.

ह्यू लॉरी १९५९ साली ऑक्सफर्डला जन्मला. वडील डॉक्टर, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सुवर्णपदक मिळवलेले. पोरगा ईटनला, मग केंब्रिजला. १९८० च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत त्याने केंब्रिजकडून वल्हं मारलं आणि त्याची होडी अगदी थोडक्यात, काही फुटांनी हरली. आजारपणामुळे वल्ही बाजूला पडली तेव्हा तो 'फूटलाइट्स' या विद्यार्थ्यांच्या नाटकमंडळीत घुसला. तिथे एमा थॉम्पसन भेटली, तिच्यामुळे स्टीफन फ्राय भेटला, आणि १९८१ साली या टोळक्याच्या कार्यक्रमाला एडिंबरोत पहिलंवहिलं पेरिये पारितोषिक मिळालं. इथपर्यंतची गोष्ट खात्यापित्या घरच्या ब्रिटिश पोराची नेहमीचीच. मला रस आहे तो पुढच्या भागात.

१९८९ ते १९९५ या काळात बीबीसीवर फ्राय आणि लॉरीचा प्रहसनांचा कार्यक्रम चालला. त्यात मधूनमधून लॉरी पियानोपुढे नाहीतर गिटार घेऊन बसायचा आणि स्वतः रचलेलं एखादं चक्रम गाणं म्हणायचा. त्यातलं एक तर मला फारच आवडतं. गळ्यात गिटार, तोंडापुढे हार्मोनिका, जगातल्या अन्यायावर गाणाऱ्या लोकगायकाचा अवतार, आणि गाणं असं की जगाचं दुःख मिटवायला आपल्याला फक्त एवढंच करायचंय... आणि नेमका उपाय सांगायची वेळ आली की तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो! दरवेळी तेच. विनोद इतकाच. पण हा विनोद जमायचा तर चाल खरी हवी, वाजवणं खरं हवं, आणि पुटपुटणं बरोबर ठोक्यावर पडायला हवं. ज्याला संगीत येत नाही त्याला संगीताची थट्टा करता येत नाही. आपल्याकडे बेसूर गाऊन हशा मिळवतात ती गोष्ट वेगळी. तिथे हसू येतं ते गाणाऱ्याचं.

त्याच सुमारास, १९९० ते १९९३, आयटीव्हीवर 'जीव्ज अँड वूस्टर' आली. पी. जी. वुडहाउसचा बर्टी वूस्टर म्हणजे लॉरी, जीव्ज म्हणजे फ्राय. त्यात बर्टी जेव्हा जेव्हा पियानोवर बसून त्या काळातली नाचरी गाणी म्हणतो तेव्हा बोटंही लॉरीची आणि गळाही लॉरीचा. म्हणजे पहिला अल्बम २०११ साली आला खरा, पण हा माणूस त्याआधी वीसेक वर्षं टीव्हीवर सगळ्यांसमोर गात-वाजवत होता. कुणी 'गायक' म्हणाला नाही कारण पाटी 'विनोदी नट' अशी होती. आपण पाटी वाचतो, दुकानात डोकावत नाही.

दिग्दर्शनाचंही तेच. २००३ साली आयटीव्हीवर 'फॉर्टीसमथिंग' नावाची सहा भागांची मालिका आली. लॉरी त्यात मध्यमवयीन, वैतागलेला डॉक्टर होता (हो, तेव्हाही डॉक्टरच!) आणि काही भागांचं दिग्दर्शनही त्याचंच होतं. मालिका सपशेल पडली. वाहिनीने तिला मोक्याच्या वेळेवरून उचलून रात्री उशिराच्या वेळेत फेकून दिलं. 'हाऊस' सुरू झाली २००४ च्या नोव्हेंबरात. म्हणजे हा गडी दिग्दर्शनाची हौस पुरवायला लागला तो प्रसिद्धीच्या माजातून, असं म्हणायचीही सोय नाही. तो आधीच दिग्दर्शन करून आपटलेला होता.

आता दुसऱ्यांकडे, म्हणजे 'अष्टपैलू'वाल्यांकडे वळते.

'अष्टपैलू' हा मुळात रत्नपारख्याचा शब्द वाटतो ना? पैलू म्हणजे हिऱ्याचे. पण रत्नपारखी प्रत्येक पैलू भिंगाखाली धरतो, आणि एखादा वाकडा पडला असेल तर भाव पाडतो. आपण काय करतो? पैलू मोजतो. नट, गायक, दिग्दर्शक, कादंबरीकार: चार! वा! लॉरीच्या बाबतीत ही मोजदाद फार झाली आहे. १९९६ साली त्याची 'द गन सेलर' ही कादंबरी आली, तीही यादीत टाकतात. प्रकाशकाकडे हस्तलिखित त्याने टोपणनावाने पाठवलं होतं, यातच त्याला काय हवं होतं ते कळतं. त्याला निकाल हवा होता, मोजदाद नको होती.

तर मी भिंग लावते. दिग्दर्शनापासून.

'हाऊस'चे एकूण १७७ भाग झाले, २००४ ते २०१२. त्यातले लॉरीने दिग्दर्शित केले दोन. दोन! एवढ्यावर त्याला कुणी 'दिग्दर्शक' म्हणत असेल तर मला हसू येतं. आणि अमेरिकन मालिकांचा कारखाना कसा चालतो हेही लक्षात घ्यायला हवं. तिथे सिनेमासारखा दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा नसतो. मालिकेचा मालक म्हणजे लेखक-निर्माता, ज्याला ते शोरनर म्हणतात. 'हाऊस'मध्ये तो डेव्हिड शोअर. दिग्दर्शक आठवड्या-दोन आठवड्यांसाठी येतो, नेपथ्य ठरलेलं, प्रकाशाची पद्धत ठरलेली, पात्रं मुरलेली, तो आपला भाग चित्रित करून निघून जातो. आणि मालिका पाच-सहा वर्षं चालली की मुख्य नटाला खूश ठेवण्यासाठी एखाद्या भागाचं दिग्दर्शन द्यायचं ही तिथली जुनी रीत. दिवाळीला बोनस देतात तसं. म्हणून 'मालिकेतल्या नटाने दिग्दर्शन केलं' हे ऐकून मी तरी लगेच टाळी वाजवत नाही.

पण म्हणून बघायचंच नाही, असंही नाही. २०१० सालचा 'लॉकडाऊन' हा भाग बघा. एक तान्हं बाळ नाहीसं होतं, रुग्णालयाची दारं बंद होतात आणि पात्रं दोघा-दोघांत जिथे असतील तिथे अडकतात. कुणी नोंदींच्या खोलीत, कुणी उपाहारगृहात, कुणी तपासणीच्या खोलीत. हाऊस अडकतो एका मरणासन्न रुग्णाच्या खोलीत. ती भूमिका डेव्हिड स्ट्रॅथेर्नची. वैद्यकीय कोडं नाही, फळ्यावर लिहिलेली लक्षणं नाहीत, धावपळ नाही. या प्रसंगात लॉरी-दिग्दर्शकाने लॉरी-नटाला जवळजवळ काहीच करू दिलेलं नाही. तो बसतो आणि ऐकतो. हाऊस हे पात्र सहा वर्षं बोलण्यावर चाललेलं, आणि इथे ते ऐकतं. दिग्दर्शनाची संधी मिळालेले बहुतेक नट काय करतात ते आपण बघतोच: स्वतःचे क्लोजअप वाढवतात. हा माणूस कॅमेरा समोरच्याकडे देऊन गप्प बसला.

याच भागातला मुलं-मुलं खेळतात तसा 'खरं की धाडस' खेळाचा उपाहारगृहातला धागा मात्र लांबतो. आणि बाळाच्या शोधाची घालमेल मधेच सैल पडते. हे म्हणायला नको का? म्हणायलाच हवं. 'नटाच्या मानाने छान' असं म्हणून सोडून दिलं तर तो त्याचा अपमान आहे.

२०१२ सालचा 'द सी-वर्ड' हा भाग मला जास्त पक्का वाटतो. विल्सनला कर्करोग झालाय, तो जिवावरचा औषधोपचार हाऊसच्या घरीच घ्यायचं ठरवतो, आणि ज्या माणसाला कुणाची शुश्रूषा करणं जन्मात जमलं नाही तो हाऊस रात्रभर मित्राजवळ बसतो. रॉबर्ट शॉन लेनर्डचं, म्हणजे विल्सनचं, काम या भागात अख्ख्या आठ वर्षांतलं सर्वांत उत्तम आहे असं माझं मत. वेदना दाखवताना जिथे संगीत ओतून रडवता आलं असतं तिथे आवरतं घेतलंय. स्वतः संगीत जाणणाऱ्या माणसाला ते कुठे नको हे कळतं, एवढा संबंध मी जोडेन. याहून जास्त नाही.

मग दहा वर्षांनी, २०२२ साली, ॲगाथा ख्रिस्तीच्या १९३४ च्या 'व्हाय डिडन्ट दे आस्क इव्हान्स?' या कादंबरीवर तीन भागांची मालिका. रूपांतर लॉरीचं, दिग्दर्शन लॉरीचं. इथे कारखाना नव्हता, शोरनरच्या आड लपायला जागा नव्हती. बरं-वाईट सगळं त्याच्या नावावर. आणि मला विचाराल तर इथे तो पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिग्दर्शक झाला. बॉबी आणि फ्रँकी या तरुण जोडीचे संवाद असे सरसर जातात की जुन्या 'जीव्ज अँड वूस्टर'ची आठवण यावी, कारण लय तीच. पण तिसऱ्या भागात रहस्याचा गुंता सोडवताना तो धापा टाकतो. कोण कुणाचा कोण हे समजून घ्यायला मला मागे जाऊन बघावं लागलं. ख्रिस्तीची ही कादंबरी मुळातच गुंत्याची आहे हे खरं, पण रूपांतरकाराने कात्री लावायला हवी होती. स्वतःसाठी त्याने ठेवली ती डॉ. निकल्सनची छोटी, संशयास्पद भूमिका. (पुन्हा डॉक्टर! याला कुणीतरी वकील बनवा हो.) ज्याच्या नावावर मालिकेचे पैसे उभे राहिले असणार, त्याने मध्यभाग दोन तरुण नटांना दिला. हे मला लाख मोलाचं वाटतं.

आता संगीत. इथे मामला खरोखर अवघड आहे, आणि माझ्या बटाटेवडावाल्या गृहस्थांना ज्याचा पत्ताही नव्हता असा एक आक्षेप इथे आहे. तो घेतल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे पळपुटेपणा.

२०११ साली लॉरीचा 'लेट देम टॉक' आला. निर्माता जो हेन्री, ब्रास वाद्यांची रचना ॲलन टूसाँची, पाहुणे आयर्मा थॉमस, डॉ. जॉन आणि टॉम जोन्स. गाणी जुनी, न्यू ऑर्लिन्सकडची, ब्लूज. २०१३ साली 'डिडन्ट इट रेन'. दोन्ही अल्बम ब्रिटनमध्ये तडाखेबंद खपले, पहिला तर तिथल्या यादीत अगदी वरच्या जागांपर्यंत गेला. आक्षेप असा: ब्लूज हे गुलामगिरी आणि त्यानंतरच्या अपमानातून जगलेल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. ते गायचं कुणी, तर ईटनला शिकलेल्या गोऱ्या इंग्रजाने? आणि पैसे कुणाचे, तर वॉर्नर ब्रदर्सचे?

हा आक्षेप हवेतला नाही. पहिल्या अल्बमवर 'टिपिटिना' हे गाणं आहे. ते मूळ प्रोफेसर लाँगहेअरचं, १९५० च्या दशकातलं. न्यू ऑर्लिन्सच्या पियानोची सगळी शाळा या माणसाच्या डाव्या हातातून निघाली म्हणतात. रुंबाचा झोल आणि ब्लूजचा ठसका एकाच वेळी. आणि १९६० च्या दशकात हा माणूस काय करत होता? रेकॉर्डच्या दुकानात झाडू मारत होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या महोत्सवाच्या लोकांनी त्याला हुडकून काढून पुन्हा पियानोपुढे बसवलं, आणि १९८० साली तो गेला. आता त्याच गाण्यासाठी मालिकेतल्या एका नटाच्या दाराशी कंपनी करारपत्र घेऊन उभी राहते. हे बघून कुणाचं डोकं फिरत असेल तर मी त्याला 'शांत हो' म्हणणार नाही. फिरायलाच हवं.

माझं म्हणणं एवढंच की तो राग योग्य पत्त्यावर जाऊ दे. लाँगहेअरच्या हातात झाडू दिला तो रेकॉर्ड कंपन्यांनी, कंत्राटांनी, आणि त्या देशाच्या वर्णव्यवस्थेने. लॉरी १९५९ साली जन्मलेला. त्याने तो झाडू दिला नाही. त्याने त्याचा फायदा घेतला का? काही अंशी हो, घेतला. प्रसिद्ध चेहरा नसता तर पन्नाशीच्या इंग्रजाला पहिला ब्लूज अल्बम कुणी काढू दिला नसता. हे स्वतः लॉरीनेच अल्बमच्या सोबतच्या लेखनात कबूल केलंय. आपण अलाबामात जन्मलो नाही, शेतमजुरी केली नाही, मालगाडीतून फिरलो नाही, आणि नटाने नटच राहावं हा नियम आपण मोडतोय, अशा अर्थाचं. कबुली दिली म्हणून हिशेब फिटत नाही. पण हिशेब लपवलाही नाही.

त्याच लेखनात त्याने लहानपणीच्या पियानोच्या शिकवणीची एक हकीगत सांगितली आहे. पुस्तकात एक गाणं येणार म्हणून पोरगं वाट बघत होतं: 'स्वॅनी रिव्हर'. ते पान आलं, बाईंनी निग्रोंचं भजन, आणि त्यातही ताल जरा तिरका, असं वाचून नाक मुरडलं आणि पान उलटलं. पोराने शिकवणीच सोडली. पुढे चाळीसेक वर्षांनी ते गाणं त्याने अल्बमवर घेतलं, आणि तेही असं उधळून की जणू त्या उलटलेल्या पानाचा सूड.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. 'स्वॅनी रिव्हर' हे भजन नव्हेच! ते १८५१ साली स्टीफन फॉस्टर या पेनसिल्व्हेनियातल्या गोऱ्या माणसाने लिहिलं, चेहऱ्याला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या मंडळींच्या खेळासाठी. फ्लोरिडातली ती नदी त्याने बघितलेलीही नव्हती म्हणतात. म्हणजे बाईंनी ज्याला काळ्यांचं म्हणून नाकारलं ते गोऱ्याने काळ्यांच्या नावावर खपवलेलं होतं. यात शुद्ध काय आणि उसनं काय ते सांगा. त्या खेळांमधला अपमान खरा आहे, तो विसरायचं कारण नाही. पण 'ज्याचं त्यानेच गावं' ही कुंपणं घालायला निघालात तर पहिली मेख कुठे ठोकायची इथेच अडाल. आणि ती मेख बहुतेक वेळा त्या शिकवणीच्या बाईंसारख्यांच्या हातात असते, ज्यांना पान उलटायचंच असतं.

मग लॉरीचं गाणं कसं आहे? आवाज पातळ आहे. अमेरिकन उच्चार कमावलेले आहेत, आणि पहिल्या अल्बमवर काही ठिकाणी ते गाण्याच्या पुढे येऊन उभे राहतात, नट दिसतो. 'सेंट जेम्स इन्फर्मरी'ची सुरुवातीची पियानोची लांबलचक वाट फार सुंदर आहे आणि मग गाणं सुरू झालं की मला दर वेळी वाटतं, अरे, वाजवतच राहिला असता तर? आयर्मा थॉमस ज्या गाण्यात येते तिथे तर फरक चटकन कळतो. तिला काही सिद्ध करायचं नसतं. ती तोंड उघडते आणि खोली भरते. तिच्याशेजारी लॉरी हा चांगल्या घरचा, नीट अभ्यास केलेला विद्यार्थी वाटतो.

पियानो मात्र खरा आहे. तिथे मला पदरचे गुण टाकावे लागत नाहीत.

आणि दुसऱ्या अल्बममध्ये त्याने जे केलं त्याने मी त्याच्या बाजूची झाले. बरीच गाणी त्याने स्वतः न गाता दुसऱ्यांना दिली. ग्वाटेमालाची गॅबी मोरेनो, जीन मॅक्लेन, एका गाण्यात ताज महाल. (हे ब्लूजवाल्याचं नाव आहे, आग्र्याचा संबंध नाही.) अल्बमवर फोटो याचा, नाव याचं, आणि मधोमध माईक दुसऱ्याच्या हातात. 'लॉकडाऊन'मध्ये स्ट्रॅथेर्नपुढे गप्प बसणं, 'इव्हान्स'मध्ये कडेची भूमिका घेणं आणि हे, या तिन्हींत मला एकच सवय दिसते. ती 'अष्टपैलू' या शब्दात कुठेच मावत नाही, कारण ती पैलूंची संख्या वाढवत नाही, जागा मोकळी करते.

बाकी 'बँड फ्रॉम टीव्ही' म्हणून मालिकांतल्या नटांचा एक वाद्यवृंद होता, लॉरी त्यात कीबोर्ड वाजवायचा. मिळालेले पैसे धर्मादाय कामांना. छान, पण त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

एक मुद्दा राहिलाच. 'नटाने नटच राहावं' हा नियम कुणाच्या सोयीचा आहे? अमेरिकन मालिका वर्षाला बावीस-चोवीस भाग काढायची. त्यासाठी एक माणूस वर्षातले नऊ-दहा महिने, दिवसाचे बारा-बारा तास, एकाच सेटवर, एकाच पायाने लंगडत हजर हवा. लॉरीने हे आठ वर्षं केलं, लॉस एंजेलिसमध्ये, घर लंडनला. पगार भरभक्कम होता, त्याबद्दल माझ्या डोळ्यांत पाणी नाही. दोन गोल्डन ग्लोब मिळाले. एमीसाठी सहा वेळा नामांकन झालं आणि एकदाही मिळालं नाही. पण कारखान्याला असा माणूस हवा असतो ज्याला दुसरं काही येत नाही. दुसरं काही येणारा माणूस एक दिवस 'पुरे' म्हणू शकतो. म्हणून 'चिंध्या' हा शब्द बहुतेक वेळा मालकाच्या तोंडून येतो आणि आपण तो उचलून आपल्या पोरांवर फेकतो. पोरगी गणितात हुशार आणि तबलाही वाजवते म्हटलं की घरात बैठक बसते. 'आधी एक काहीतरी नीट कर.' तिचा तबला कसा वाजतो ते ऐकायला त्या बैठकीत कुणाला वेळ नसतो!

आपल्याला या गोष्टीचं एवढं वावडं का असावं मला कळत नाही. ज्या रंगभूमीवर गाता न येणारा नायक हीच अडचण समजली जायची, तिथले आपण. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त पु. ल. देशपांड्यांनी प्रमुख भूमिका केली, दिग्दर्शन केलं, संगीतही दिलं. आणि आपण काय केलं? 'सबकुछ पु. ल.' असं एक लेबल चिकटवलं आणि सत्तर वर्षं तेच म्हणत आलो. त्या सिनेमातलं दिग्दर्शन कुठे कच्चं आहे, चाली कुठे अफाट आहेत, याची स्वतंत्र चर्चा मी तरी फार कमी वाचली आहे. भक्तीने झाकलं काय आणि कुत्सितपणाने झाकलं काय, झाकण ते झाकण.

लॉरीच्या बाबतीत अजून एक. 'द नाईट मॅनेजर' ही ल कारेची कादंबरी १९९३ साली आली तेव्हा त्याने तिचे हक्क विकत घ्यायचा प्रयत्न केला होता. नायक पाइन आपण करावा ही इच्छा. हक्क आधीच सिडनी पोलॅककडे गेलेले. शेवटी २०१६ साली मालिका झाली तेव्हा त्याचं वय नायकाचं राहिलं नव्हतं. त्याने खलनायक रोपर केला, निर्मात्यांतही नाव घातलं, आणि त्यासाठी गोल्डन ग्लोब घेतलं. तेवीस वर्षं एक पुस्तक मनात धरून बसणाऱ्याला 'एकाही गोष्टीला चिकटत नाही' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

कुणाला त्याचं फक्त एकच काही ऐकायचं असेल तर 'डिडन्ट इट रेन'मधलं 'आय हेट अ मॅन लाइक यू' ऐका. जेली रोल मॉर्टनची जुनी रचना, गातेय जीन मॅक्लेन. ती कुणा नालायक पुरुषाची सालटी काढते आहे आणि लॉरी मागे वाजवतो आहे. शेवटपर्यंत थांबून ऐका, मधे वडे नकोत. तिसरा अल्बम कधी आलाच तर मी पैसे मोजून घेईन, आणि वाईट असला तर वाईट आहे असं लिहीन.